खुपऱ्या : टाळता येणारे अंधत्व
(इनामगाव येथे पालकांसमोर दिलेले व्याख्यान)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून डोळ्यांच्या रोगाविषयी बोलायचे कारण साधे आहे. फळा दिसला तरच अक्षर कळते. म्हणून आज मी खुपऱ्यांविषयी, म्हणजे डॉक्टर ज्याला ट्रॅकोमा म्हणतात त्या रोगाविषयी, चार शब्द सांगणार आहे.

रोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेतील ‘पोथकी’ म्हणजे हाच रोग, असे अनेक अभ्यासक मानतात. बगदादचे नेत्रवैद्य अली इब्न ईसा यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात ‘जरब’ या नावाने त्याचे वर्णन केले आहे.

क्लॅमिडिया नावाच्या सूक्ष्म जंतूमुळे वरच्या पापणीच्या आतल्या बाजूस बारीक दाणे उठतात. एकदा झालेला संसर्ग शरीर परतवू शकते. परंतु लहानपणी तो पुनःपुन्हा झाला, की तेथे वण पडतात, ते आखडतात आणि पापणी आत वळते. मग पापणीचे केस प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात आणि अखेरीस डोळ्यात फूल पडते. रोग जडतो बालपणी आणि दृष्टी जाते बहुधा प्रौढपणी. मधे इतकी वर्षे गेल्यामुळे लोक त्याला नशीब म्हणतात. ते नशीब नव्हे.

या रोगाचे ओझे स्त्रियांवर अधिक पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना यामुळे अंधत्व येण्याचे प्रमाण पुरुषांच्या चौपटीपर्यंत असते. कारण उघड आहे. पोराचे डोळे-नाक पुसते ती आई, कडेवर घेते ती थोरली बहीण.

संसर्गाचे मार्ग घरातलेच आहेत : चिकट हात, सर्वांचा एकच टॉवेल, आईचा पदर, आणि उघड्यावरील विष्ठेवर वाढून पोराच्या डोळ्यांवर बसणारी माशी. एकाच सळईने वा बोटाने साऱ्या भावंडांना सुरमा-काजळ घालणे हाही त्यातलाच प्रकार. 2023 च्या जुलैमध्ये आपल्याच जिल्ह्यात, आळंदीला, डोळे येण्याची मोठी साथ आली होती. तो रोग वेगळा, विषाणूचा. पण हातांची आणि टॉवेलांची वाट तीच.

आता आनंदाची गोष्ट सांगतो. 1971 साली देशातील अंधत्वापैकी 5 टक्के या रोगामुळे होते. 1963 मध्ये राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता. 1976 मध्ये तो अंधत्व नियंत्रणाच्या मोठ्या कार्यक्रमात मिळाला. 2014 ते 2017 च्या पाहणीत सक्रिय रोगाचे प्रमाण 0.7 टक्के आढळले. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील ट्रॅकोमाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचे मान्य केले.

हे यश केवळ औषधाचे नाही. उपाय चार होते : वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, जंतुनाशक औषध, चेहऱ्याची स्वच्छता, आणि पाणी व शौचालयाची सोय. पूर्वी मलम दिवसातून दोनदा, सहा आठवडे लावावे लागे; पुढे ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेवर काम होऊ लागले. तरीही तोंड मळकेच राहिले, तर बरा झालेला संसर्ग पुन्हा लागतो.

मग आता काम उरले काय? निर्मूलन म्हणजे शेवटचा रुग्ण संपला असे नव्हे. जुना संसर्ग गेला तरी वण मागे राहतात. घरातली एखादी आजी डोळ्यात सतत खुपते म्हणून चिमट्याने पापणीचे केस उपटत असेल, तर तिला नेत्रतज्ज्ञाकडे न्या. उपटलेला केस पुन्हा उगवतो आणि बुबुळ पुन्हा घासू लागतो. पापणीपुरती भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया करतात. पडलेले फूल तिने जात नाही, पण उरलेली दृष्टी वाचते. म्हणून उशीर नको.

डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घोड नदीच्या काठी त्यांनी पाण्यासाठी पाट आणि बांध घातला होता. कमी पावसाच्या या मुलखात पाण्याची किंमत तेव्हापासून ठाऊक आहे. शेतासाठी आपण पाट काढतो. पोराच्या तोंडासाठी एक तांब्या बाजूला ठेवणे अवघड नाही. एक तांब्या पाण्यात चार मुलांची तोंडे धुता येतात. मात्र प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी वेगळे ओतावे, एकाच भांड्यात सर्वांनी हात बुडवू नयेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रार्थनेच्या वेळी नखांबरोबर डोळेही पाहावेत. मातांना विनंती, की प्रत्येक मुलाचे फडके वेगळे असावे आणि सुरम्याची सळई एकमेकांची वापरू नये. आणि विद्यार्थ्यांनो, आजीच्या हातातला चिमटा दिसला, तर घरी गप्प बसू नका.