वाजविणाऱ्याची मजुरी
(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रमिक म्हटले की कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर गिरणी कामगार येतो, शेतमजूर येतो, हमाल, विडी कामगार, ऊसतोड कामगार येतो. लग्नाच्या मांडवात व्यासपीठाच्या कडेला गिटार घेऊन उभा असलेला तरुण काही येत नाही. त्याच्या अंगावर चकचकीत जाकीट असते, चेहऱ्यावर हसू असते, आणि तो जे करतो त्याला करमणूक असे नाव असते. करमणूक करणाऱ्यालाही भूक असते, म्हातारपण असते, ही गोष्ट करमणूक करून घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ह्या जिल्ह्यातील अशा वादकाचे वर्ष कसे जाते आणि त्याच्या श्रमाचे मोल कोण ठरवते, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सगळ्यांच्या तोंडी आहेत. घाटाखाली पूर्णेचे खोरे, खारपाणपट्टा, कापसाची जमीन, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही रेल्वेमार्गावरची गावे. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा; तेथे रेल्वे नाही, आणि सोयाबीनचे भाव पडले की बाजारपेठेचा रंगच उतरतो. वादकाचे वर्ष ह्या दोन्ही भागांतील पिकांवर आणि पंचांगावर चालते. आषाढी एकादशीपासून गणपतीपर्यंत त्याला काम जवळजवळ नसते. गणपती आणि नवरात्रात ते सुरू होते. खामगावला मोठ्या देवीचा उत्सव कोजागिरीला बसतो, त्यामुळे घाटाखालच्या वादकाचा हंगाम इतर ठिकाणांपेक्षा थोडा लांबतो. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई. मध्ये पौषाचा खंड, पण त्याच सुमारास 12 जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्मोत्सव. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा आणि तिच्यातील कव्वाल्या. एप्रिलमध्ये जोतीरावांची आणि बाबासाहेबांची जयंती, भीमगीतांचे कार्यक्रम. मग वैशाखातील लग्ने, आणि पुन्हा आषाढ.

म्हणजे ज्या महिन्यांत पेरणी, डवरणी आणि निंदण असते, नेमक्या त्याच महिन्यांत गिटार खुंटीला लागते. साहजिकच हा वादक त्या दिवसांत शेतात मजुरीला जातो, किंवा कुठे रंगकाम करतो, कुठे दुकानावर बसतो. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटांची अग्रे ओरबाडली जातात, आणि त्याच बोटांनी रात्री लोखंडी तारा दाबावयाच्या असतात. शहरातील संगीतशिक्षक विद्यार्थ्याला हात जपावयास सांगतो. येथे हातच दोन धंद्यांना पुरवावे लागतात. खरीप बुडाले की दोन्ही धंदे एकदम बसतात. शेतात मजुरी निघत नाही, आणि शेतकऱ्याच्या घरचे लग्न एक तर पुढे ढकलले जाते किंवा वाजंत्रीवाचून उरकले जाते. शेतीतील तोट्याची झळ पोचणाऱ्यांची यादी करताना व्यापारी आणि सावकारापर्यंत सगळे मोजले जातात. वाजविणारा त्या यादीत कधी आलेला नाही.

गिटार ह्या वाद्याचे येथील स्थान समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गावगाड्यात वाजविणे हे जातीने नेमून दिलेले काम होते. गुरवाची सनई देवळात, मातंगाची हलगी आणि डफडे रस्त्यावर. वाजविल्याबद्दल मिळे ते बलुते. त्याला भाव नव्हता, करार नव्हता, नाही म्हणण्याचा हक्क नव्हता. लग्नाच्या पंगती उठल्यावर वाजंत्र्यांचे पान वेगळे मांडले जाई. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेक कुटुंबांनी असली गावकीची कामे निग्रहाने सोडली, त्यामागे हा अपमान होता. गिटार ह्या रचनेच्या बाहेरून आली. तिला गावगाड्यात जात नव्हती. ती वाजविणारा रस्त्यावरून व्यासपीठावर चढला, धान्याऐवजी रोख पैसा घेऊ लागला, आणि लोक त्याला ‘कलाकार’ म्हणू लागले. ज्याच्या आजोबाने हलगी वाजवली त्या घरातल्या नातवाने कोलकात्याची हॉबनर किंवा गिव्हसन गिटार हप्त्याने घेतली, तर ती हौस म्हणून सोडून देता येणार नाही. तो एक सामाजिक निर्णय आहे.

परंतु बलुत्यातून सुटलेला हा माणूस कोणत्या अर्थव्यवस्थेत येऊन पडला? वाद्यवृंदाच्या धंद्यात कार्यक्रम ठरविण्याला ‘सुपारी’ म्हणतात. सुपारी मालक घेतो, इसारही मालकच घेतो. आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा, सुपारी 40,000 रुपयांना ठरली. ध्वनियंत्रणा, दिवे आणि गाडी यांचे 20,000 आधी बाजूला निघतात. ही साधने बहुधा मालकाचीच असल्याने हा पैसा त्याच्या घरातून बाहेरच जात नाही. निवेदक आणि दोन गायक यांचे 9,000, व्यवस्थेबद्दल मालकाचे आणखी 5,000. उरले 6,000. ते की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि गिटार ह्या चौघांत वाटले की प्रत्येकी 1,500 होतात. दुपारी तीनला निघून, सामान चढवून-उतरवून, कार्यक्रम करून सकाळी सातला घरी पोचणाऱ्याचे हे सोळा तासांचे दाम. तारा तुटल्या तर त्याच्या, वाद्य दुरुस्तीला गेले तर खर्च त्याचा. अवकाळी पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर इसार मालकाकडे राहतो, आणि वादकाचा दिवस बुडतो. वर्षात असे चाळीस कार्यक्रम मिळाले, तर गिटारीची वार्षिक कमाई 60,000 रुपये.

हे वाटप कलेच्या गुणवत्तेवर ठरलेले नाही. ध्वनिवर्धक आणि गाडी ज्याची, वाटा ठरविण्याचा अधिकार त्याचा. उत्पादनाच्या साधनांची मालकी हा शब्दप्रयोग ज्यांना पुस्तकी वाटू लागला आहे त्यांनी एकदा मध्यरात्रीनंतर, गाडीत सामान भरताना होणारा हा हिशेब पाहावा. अर्थात मालकही काही मोठा भांडवलदार नसतो. तो स्वतः पूर्वी वाजविणारा असतो, कर्ज काढून त्याने यंत्रणा घेतलेली असते, आणि हप्ता थकला की ती परत जाण्याची भीती त्यालाही असते. ह्या धंद्यात वर्गविरोध आहे. मात्र तो एकाच ताटात जेवणाऱ्यांमधला आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही.

यंत्राचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन ह्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कारखान्यात एका कामगारामागचे उत्पादन वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी चार माणसे लागत आणि आजही चारच लागतात. इतरत्र मजुरी वाढते तसा प्रयोगकलेचा खर्च तुलनेने वाढतच राहतो, आणि ती अनुदानावाचून जगू शकत नाही. युरोपात ही दरी सरकारांनी भरून काढली. आपल्याकडे ती माणसे कमी करून भरली गेली. की-बोर्डने व्हायोलिन, अकॉर्डियन आणि बासरी गिळली. 1985 साली बाजारात आलेल्या ऑक्टोपॅडने पुढे काँगो, बोंगो आणि ड्रम यांना हटविले. मग ध्वनिमुद्रित ‘ट्रॅक’ आला आणि की-बोर्डवालाही नकोसा झाला. शेवटी डीजे आला. त्याच्यात वाजविणाराच उरत नाही, उरते ती केवळ यंत्रणा आणि तिचे भाडे. गिटार ह्या प्रवासात थोडी उशिरापर्यंत टिकली, त्याचे कारण काहीसे खेदजनक आहे: ती दिसते छान. काही ठिकाणी ट्रॅक चालू असतो आणि गिटारवादक नुसता उभा केला जातो. वाजविण्याचे कौशल्य अंगात असताना न वाजविण्याची मजुरी घ्यावी लागणे, ह्यापेक्षा कारागिराचा मोठा अपमान कोणता असेल?

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही ह्याहून फार निराळे घडले नाही, केवळ पैशांचा आकार मोठा होता. तेथील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांची मोठी परंपरा होती. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखा वाद्यरचनाकार संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू होता, तरी लोकांना त्यांचे नाव कळले ते 1977 सालच्या एका विनोदी गाण्यामुळे. ऑकलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी 2005 साली भारतातील लग्नाच्या बँडवाल्यांवर आणि 2008 साली मुंबईच्या चित्रपट-वादकांवर ग्रंथ लिहिले. आपल्या रस्त्यावरच्या बँडवाल्याचे जीवन पुस्तकभर मांडण्यासाठी न्यूझीलंडहून माणूस यावा लागला, ह्याचा विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञांनी विचार करावयास हरकत नाही. जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’चे घ्यावे. जी. एन. जोशी यांनी ती गाऊन ध्वनिमुद्रिकेवर आणली, आणि मराठी भावगीताचा इतिहास सांगताना तिचे नाव पहिल्यांत घेतले जाते. कवीचे नाव राहिले, गायकाचे राहिले, आणि ते योग्यच झाले. साथ कोणी केली, असे मात्र जिल्ह्यातील सभांत कोणी विचारत नाही.

कायद्यानेही ही विस्मृती पक्की केली आहे. 2012 साली लेखनाधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन प्रयोग करणाऱ्या कलावंताला मानधनाच्या पुढे जाऊन स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. पण चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि ज्याचे नाव धंद्याच्या रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला त्या लाभापुरते कलावंतच मानू नये, अशी पुस्ती तेथेच जोडलेली आहे. म्हणजे आधी नाव वगळावयाचे आणि नंतर नाव नाही म्हणून हक्क नाकारावयाचा. दुसरी विसंगती ह्याहून मोठी. चित्रपट कामगारांसाठीच्या 1981 च्या कायद्याने वादकाला कामगार मानले; 2020 च्या कामगार संहितेतील दृक्‌श्राव्य कामगाराच्या व्याख्येतही वादक आहे. त्या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. पण तोच वादक कॅमेऱ्यासमोरून उठून नांदुऱ्याच्या मांडवात उभा राहिला की तो त्या व्याख्येतून बाहेर पडतो.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी घालणारे नियम 2000 साली आले. रुग्णाचा आणि विद्यार्थ्याचा विचार करता ते आवश्यकच होते, त्याबद्दल दुमत नसावे. परंतु रात्रभर चालणाऱ्या कव्वालीचा आणि वाद्यवृंदाचा वेळ त्यांनी अर्ध्यावर आणला, आणि त्या वेळेबरोबर बिदागीही आटली. पुढे 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी ऐन लग्नसराईच्या तोंडावर आली. रोखीवर चालणारा हा धंदा त्या हंगामात कसा चालला असेल, हे वेगळे सांगावयास नको. मार्च 2020 मधली टाळेबंदी तर वैशाखाच्या आधीच लागली. पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती. पंचवीसांत वाजविणारा कोठून बसणार? सलग दोन उन्हाळे गेले. एक हंगाम बुडाला तर माणूस उधारीवर तगतो. दुसरा बुडाला की वाद्य विकतो.

राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते. ही योजना 1954-55 पासूनची आहे. 2024 मध्ये तिची रक्कम सरसकट दरमहा 5,000 रुपये झाली आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. वय पन्नासच्या पुढे हवे, पंधरा वर्षांचे योगदान हवे, आणि वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत हवे. मघाच्या हिशेबातला वादक नेमका ह्या काठावर उभा आहे हा योगायोग असेल. परंतु पंधरा वर्षांच्या योगदानाचा पुरावा त्याने आणावयाचा कोठून? पत्रिकेवर नाव असते ते वाद्यवृंदाचे; पावती कोणी दिलेली नसते. भजनी मंडळाला निदान नोंदणी असते, कीर्तनकाराला गावोगावची पत्रे मिळतात. लग्नात गिटार वाजविणारा लोककलावंतही नाही आणि शास्त्रीय कलावंतही नाही.

‘मानधन’ ह्या शब्दाकडे आता वळले पाहिजे. हा शब्द ऐकावयास गोड आहे. मजुरीला किमान दर असतो, मानधनाला नसतो. मजुरी थकली तर दाद मागता येते. मानधन थकले तर आठवण करून द्यावी लागते, आणि तीही संकोचाने. अंगणवाडी सेविकांना कित्येक वर्षे हाच शब्द ऐकवून कामगारपणाचे हक्क नाकारले गेले. त्यांनी तो निमूटपणे स्वीकारला नाही, संघटना बांधल्या, संप केले; एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. अंगणवाडी सेविका एका मालकाकडे, म्हणजे शासनाकडे, काम करते. वादकाचा यजमान रोज निराळा, हा फरक खरा आहे. पण हमालांचाही मालक रोज निराळाच असतो, आणि महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा करून मंडळामार्फत त्यांची मजुरी व भविष्यनिधी बांधून दाखविला. मंडळाकडे नोंद, यजमानाकडून बिदागीवर ठराविक टक्के अधिभार आणि त्यातून विमा व निवृत्तिवेतन, ही रचना मंगल कार्यालयांच्या पातळीवर अशक्य मानण्याचे कारण दिसत नाही. कार्यालयाची नोंदवही असते, तारीख असते, यजमानाचे नाव असते. कमी असते ते फक्त वाजविणाऱ्याचे नाव लिहिण्याची रीत.

आणि ही रीत घालावयाची तर ती चळवळीच्या घरापासून घालावी लागेल. 1941 साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला वसंत बापटांची गीते दिली, लीलाधर हेगडे यांच्यासारखा शाहीर दिला. निळू फुले आणि राम नगरकर तेथूनच पुढे आले. ते सारे कार्य त्यागाचे होते. त्यांचा त्याग स्वेच्छेचा होता, आणि त्यातल्या अनेकांना पोटापाण्याचा दुसरा आधारही होता. तोच त्याग आज डफवाल्याकडून, ढोलकीवाल्याकडून, गिटारवाल्याकडून गृहीत धरला जातो. सभेसाठी मांडव, खुर्च्या, ध्वनिवर्धक, जनरेटर यांचे पैसे रोख दिले जातात, कारण त्यांचे मालक सोडत नाहीत. ज्या पोराने सभेआधी तासभर गाणी वाजवून लोक जमवले, त्याला शाल, श्रीफळ आणि ‘आपलेच कार्य आहे’ हे वाक्य मिळते. नारळाचे पैसेदेखील मांडववाल्याच्या बिलात लागलेले असतात.

येत्या 1 मे रोजी तालुक्याच्या ठिकाणी जे कार्यक्रम होतील, त्यांच्या अंदाजपत्रकात वादकांच्या मजुरीची वेगळी ओळ असावी; ती रक्कम मालकाच्या हाती न देता प्रत्येकाच्या हाती द्यावी; आणि प्रत्येकाला त्याचे नाव, वाद्य, तारीख व रक्कम लिहिलेली पावती द्यावी. पंधरा वर्षांनी मानधन समितीपुढे ठेवावयास त्याच्याजवळ तेवढा एक कागद तरी असेल. तेराही तालुक्यांतील वादकांची यादी त्याच निमित्ताने तयार होऊ शकेल, आणि मंडळाची मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना ती बरोबर नेता येईल.