स्थानक आले, गावाचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

1 ऑक्टोबर 1964 रोजी जपानमध्ये टोकियो ते ओसाका हा अतिजलद रेल्वेमार्ग सुरू झाला. त्याच दिवशी हाशिमा या लहान शहराच्या भातशेतीत गिफू-हाशिमा हे स्थानक उघडले.

नवा मार्ग गिफू शहरावरून जावा, ही त्या प्रांताची मागणी होती. रेल्वेला सरळ मार्ग हवा होता. सत्ताधारी पक्षाचे वजनदार पुढारी बानबोकू ओनो यांचे नाव या तडजोडीशी कायमचे जोडले गेले. शहर बाजूला राहिले, स्थानक शेतात उभे राहिले. सेकिगाहाराच्या परिसरात बर्फ पडले म्हणजे गाड्या थांबवून ठेवण्यास जागा हवी, हे रेल्वेचे तांत्रिक कारण खोटे नव्हते. तथापि लोकांच्या तोंडी ‘राजकीय स्थानक’ हेच नाव बसले. ओनो मे 1964 मध्ये वारले. त्यांचा व त्यांच्या पत्नीचा पुतळा स्थानकासमोर उभा आहे.

परंतु या स्थानकापर्यंत साधी रेल्वे केव्हा पोहोचली? डिसेंबर 1982 मध्ये. पाचशे किलोमीटरांचा मार्ग साडेपाच वर्षांत बांधून झाला. सव्वा किलोमीटरच्या जोडमार्गाला त्यानंतर अठरा वर्षे लागली! आजही सर्वांत वेगवान गाड्या तेथे न थांबता निघून जातात.

समाजवाद्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ही रेल्वे त्या काळी सरकारी मालकीची होती. मालकी सार्वजनिक असली, तरी निर्णय वरच्या वर्तुळात होत असतील तर गावाच्या वाट्याला फलाट येतो, प्रवास येत नाही.

हा प्रश्न दूरचा नाही. त्याच जपानी तंत्राच्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची पायाभरणी 2017 मध्ये झाली. 508 किलोमीटरांत बारा स्थानके. त्यांपैकी एक पालघर जिल्ह्यातील बोईसर. या जिल्ह्यातील आदिवासी गावांनी भूसंपादनास विरोध केला, तो उगाच नव्हे. जमीन त्यांची जाणार. त्या गाडीचे तिकीट त्यांच्यापैकी किती जणांना परवडणार? तारापूरचा कामगार रोज कशाने ये-जा करणार?

वेगाशी वैर धरण्याचे कारण नाही. मात्र जोडरस्ता, एस. टी., लोकलच्या वाढीव फेऱ्या आणि परवडणारे भाडे यांचा लेखी हिशेब पहिली गाडी धावण्यापूर्वी ग्रामसभेपुढे आला पाहिजे. तो मागणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. हाशिमाप्रमाणे अठरा वर्षे थांबण्याची पाळी बोईसरवर येता कामा नये.