ताई, इम्युनोलॉजी घेऊ की ॲनाटॉमी?

आज थोडी घाईत आहे, कारण काल रात्री कॉल होता आणि झोप झालीये जेमतेम तीन तास. आवाज बसलेला वाटला तर समजून घ्या.

मागच्या भागानंतर एक व्हॉइस नोट आली. न्यू जर्सीतलीच एक मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, "ताई, जनरल केमिस्ट्री झाली, ऑरगॅनिक या सेमिस्टरला संपेल. आता वरच्या वर्गाचे सायन्स इलेक्टिव्ह निवडायचेत. यादीत चाळीस विषय आहेत. आई म्हणते ॲनाटॉमी घे, डॉक्टर व्हायचंय ना. मित्र म्हणतात इम्युनोलॉजी घे, इम्प्रेसिव्ह दिसतं. काय करू?"

उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण याच जागी मी स्वतः सणकून आपटलेय, म्हणून म्हटलं आख्खा भागच करू.

आधी महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांसाठी एक मिनिट. तुमच्याकडे बारावी, नीट, मग थेट एमबीबीएस. इथे अमेरिकेत आधी चार वर्षांचं कॉलेज, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. कॉलेजच्या त्या चार वर्षांत जी मुलं मेडिकलची तयारी करतात ती प्रीमेड. ही काही डिग्री नव्हे. कोणी बायोलॉजीत मेजर करतं, कोणी इतिहासात, कोणी संगीतात. फक्त ठरावीक विषय झालेले लागतात. साधारणपणे वर्षभर बायोलॉजी, वर्षभर जनरल केमिस्ट्री, वर्षभर ऑरगॅनिक, वर्षभर फिजिक्स, सगळं लॅबसकट, आणि बायोकेमिस्ट्री. शाळेगणिक थोडा फरक असतो. (आणि भारतातून एफ-वन व्हिसावर इथे येऊन प्रीमेड करायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधीच बघा: इथली बरीचशी मेडिकल स्कूल्स परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. त्यावर वेगळा भाग करेन.)

हे सक्तीचे विषय संपले की खरा घोळ सुरू होतो, कारण आता निवड तुमची.

माझी गोष्ट सांगते. मी अकरा वर्षांची असताना आम्ही नाशिकहून इकडे आलो. घरात डॉक्टर कोणीच नाही. त्यामुळे ओळखीतल्या एका दादाला विचारलं, तो नुकताच मेडिकलला लागला होता. तो म्हणाला, "अवघड विषय घे, ट्रान्सक्रिप्टवर उठून दिसतात." मला काय, वेदवाक्य! तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला मी घेतलं काय, तर इम्युनोलॉजी, लॅबसकट जेनेटिक्स, लॅबसकट फिजिक्स आणि वर फिजिकल केमिस्ट्री. माझ्या मेजरला फिजिकल केमिस्ट्री लागतही नव्हती! आणि बायोकेमिस्ट्री मी ठेवली होती पुढच्या सेमिस्टरला.

ॲडव्हायझरने एकदा भुवया उंचावून बघितलं होतं. मी म्हटलं, जमेल.

इम्युनोलॉजीचा विषय मला मनापासून आवडला होता, ही त्यातली खरी गंमत. पहिल्या दोन आठवड्यांत मी वर्गात पुढे बसून मान डोलवत होते. मग सुरू झालं रिसेप्टरला काय चिकटतं, मग आतमध्ये कोणतं प्रथिन कोणाला फॉस्फेट लावतं, मग कोणतं जीन चालू होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी बायोकेमिस्ट्री आणि सेल बायोलॉजी आधीच केलेली. त्यांना ती एक गोष्ट दिसत होती. मला दिसत होती नुसती नावं. इंटरल्यूकिन-२, इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१०, फोन नंबर पाठ करावेत तशी मी ती पाठ करत होते. दोन लॅब असल्याने आठवड्यातल्या दोन दुपारी तिकडेच जायच्या. परीक्षेत प्रश्न आला, की अमुक एक पेशी उंदरातून काढून टाकली तर काय होईल? पाठांतराचा तिथे काहीच उपयोग नव्हता.

सी प्लस. फिजिकल केमिस्ट्रीत बी मायनस.

ग्रेड दिसली तेव्हा मी गाडीत बसले होते, ग्रोसरीच्या दुकानाबाहेर. आई आत मेथी निवडत होती. मी वीस मिनिटं गाडीतून उतरलेच नाही.

आता याचं गणित बघा, कारण हे कोणी सांगत नाही. मेडिकलचा अर्ज बहुतेक ठिकाणी ॲमकास नावाच्या एकाच यंत्रणेतून जातो. ते तुमचा एक एकूण जीपीए काढतात आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स यांचा वेगळा सायन्स जीपीए काढतात. समजा तुमचे सायन्सचे साठ क्रेडिट आहेत आणि सरासरी ३.८० आहे. त्यातल्या एका चार क्रेडिटच्या विषयात ए ऐवजी सी प्लस मिळाला, की सरासरी ३.६९ वर येते. एका विषयाने! आणि तोच विषय परत घेतला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजल्या जातात. "अवघड होता हो" असं लिहायला अर्जात रकाना नसतो. वाचणारा समजून घेईलही, पण आकडा आधी दिसतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की "कोणता विषय" या प्रश्नाआधी "कशानंतर कोणता" हा प्रश्न विचारा. बायोकेमिस्ट्री आधी. तिच्याबरोबर किंवा तिच्यामागून सेल बायोलॉजी, जेनेटिक्स. त्यानंतर इम्युनोलॉजी. तोच प्रोफेसर, तेच पुस्तक, तीच मुलगी, पण सेमिस्टर दुसरं असतं तर माझी ग्रेड वेगळी आली असती, हे मी आज छातीठोकपणे सांगते. कारण मेडिकल स्कूलला गेल्यावर इम्युनोलॉजी परत आली आणि तेव्हा ती मला सोपी गेली.

बायोकेमिस्ट्री आधी घ्यायचं दुसरं कारण एमकॅट. २०१५ साली ही परीक्षा बदलली. आता चार भाग असतात आणि त्यातल्या दोन सायन्सच्या भागांत प्रत्येकी साधारण पंचवीस टक्के प्रश्न बायोकेमिस्ट्रीचे. आणि तेही पहिल्या सेमिस्टरच्या पातळीचे. बाकी जे वरचे विषय आहेत, इम्युनोलॉजी, व्हायरॉलॉजी, डेव्हलपमेंटल बायोलॉजी, ते एमकॅटसाठी लागत नाहीत. "एमकॅटला उपयोगी पडेल" म्हणून कोणी व्हायरॉलॉजी घ्यायला सांगितली तर हसा आणि पुढे चला. आवडते म्हणून घेतलीत तर मात्र जरूर घ्या. हां, चौथा भाग सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीचा असतो. आपल्या घरांतून या दोन विषयांना विषयच मानत नाहीत. एकेक तरी घ्या.

आता माझं दुसरं सेमिस्टर. घाबरून मी फक्त तीन सायन्स घेतले: बायोकेमिस्ट्री, फिजिक्सचा दुसरा भाग, आणि ह्यूमन फिजिऑलॉजी. फिजिऑलॉजीचा वर्ग छोटा, पंचवीसेक मुलं. शिकवणाऱ्या बाई पॉवरपॉइंट न वापरता फळ्यावर चित्र काढायच्या.

एक दिवस किडनी शिकवत होत्या. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव किडनीत गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर, म्हणजे बाकी सगळं परत ओढून घेतलं जातं. साखरसुद्धा. गाळलेल्या साखरेपैकी साधारण नव्वद टक्के साखर सुरुवातीच्या नळीतच एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन परत रक्तात आणतं. मग बाई म्हणाल्या, या प्रथिनाला अडवणारी डायबेटिसची गोळी निघालीये, साखर लघवीवाटे जाते आणि तिच्यामागोमाग पाणीही जातं.

माझा हात लिहिता लिहिता थांबला. बाबांची नवी गोळी! मी फ्रिजवर लावलेली चिठ्ठी रोज वाचत होते, डापाग्लिफ्लोझिन, आणि मला ते नुसतं एक लांबलचक नाव होतं. आणि पुढच्याच आठवड्यात महाशिवरात्र. बाबा त्या दिवशी कडक निर्जळी उपास करायचे, वर्षानुवर्षं.

त्या संध्याकाळी घरी फोन केला. म्हटलं, "बाबा, ही गोळी घेऊन पाण्याशिवाय राहायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा." बाबा म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "किडनीने." त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी उपासाच्या दिवसापुरती गोळी बंद ठेवायला सांगितली आणि पाणी प्यायचंच, असं बजावलं. (तुमच्या घरी कोणाला ही गोळी चालू असेल तर परस्पर बंद करू नका हं, डॉक्टरांनाच विचारा.) सी प्लसनंतर दोन महिने बाबा माझ्याशी जपून जपून बोलत होते. त्या दिवसानंतर ते आपल्या प्रत्येक गोळीचं नाव मला विचारायला लागले.

तर "उपयोगी विषय" म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फिजिऑलॉजी येते. एकच इलेक्टिव्ह घ्यायचा असेल तर ती घ्या. मेडिकलच्या पहिल्या वर्षात हृदय, फुप्फुसं, किडनी एवढ्या वेगाने येतात, की एकदा तरी सावकाश ऐकलेलं असलं तर श्वास घ्यायला फुरसत मिळते.

ॲनाटॉमीबद्दल आईंचा मान राखून सांगते. मेडिकल स्कूलला ती पूर्ण परत शिकवतात आणि तिथली गती अशी असते, की आधी पाठ केलेली हाडं फार काळ पुरत नाहीत. तुमच्या कॉलेजात खऱ्या देहावरची लॅब असेल तर घ्या, कारण देहासमोर उभं राहून आपल्याला काय वाटतं हे लवकर कळलेलं बरं. नुसत्या प्लास्टिकच्या मॉडेलवर असेल तर मी सोडून देईन. हिस्टॉलॉजी मात्र कुठे दिसली तर पटकन घ्या. ती फार कॉलेजांत नसते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक ओळखायची नजर तयार व्हायला वेळच लागतो. मायक्रोबायोलॉजी चांगली आहे, रेसिडेन्सीत रोज अँटिबायोटिक लिहिताना आठवते.

आणि स्टॅटिस्टिक्स. मला माहितीये, कोणाला नको असते. मीही शेवटच्या सेमिस्टरला नाइलाजाने घेतली. पण आज वॉर्डात टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे पेशंटला तो आजार आहेच का, हा प्रश्न मी रोज सोडवते, आणि त्याचं उत्तर बायोस्टॅटच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिकवलं होतं.

वर्ग छोटा असण्याचा अजून एक फायदा. बऱ्याच मेडिकल स्कूल्सना सायन्सच्या दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात. तीनशे मुलांच्या हॉलमध्ये बसून कोण लिहिणार तुमच्याबद्दल? माझं सगळ्यात चांगलं पत्र त्या फिजिऑलॉजीच्या बाईंनी लिहिलं. त्यात त्यांनी महाशिवरात्रीचा किस्सा घातला होता. हे मला मुलाखतीत कळलं, कारण समोरच्या डॉक्टरांनी विचारलं, "मग वडिलांनी पाणी प्यायलं का?"

ती मुलाखत मात्र एक वर्ष उशिरा झाली. सायन्स जीपीए सावरायला मला चौथं वर्ष पूर्ण लागलं, म्हणून मी कॉलेजनंतर वर्षभर एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंटचं काम केलं. लोकांचं बीपी घेतलं, फॅक्स पाठवले, हो, इथे अजून फॅक्स चालतात. घरी येणारे काका-काकू विचारायचे, "मग, ॲडमिशन कुठे?" आई चहा आणायला आत जायची.

तर बाळा, तुझ्यासाठी. येत्या सप्टेंबरला बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी घे, फिजिक्सची लॅब राहिली असेल तर तीही, आणि बस्स. दोनपेक्षा जास्त लॅब एका सेमिस्टरला नको. इम्युनोलॉजी वसंतात, आवडत असेल तर नक्की. रजिस्ट्रेशनच्या आधी प्रोफेसरला मेल टाकून जुना सिलॅबस माग, देतात ते. परीक्षा पाठांतराची आहे की विचार करायला लावणारी, ते त्यातून कळतं. ॲड-ड्रॉपची तारीख कॅलेंडरमध्ये टाक आणि त्याआधी किमान दोन लेक्चर ऐकून ये. नंतर फारच बिघडलं तर विदड्रॉलची तारीख वेगळी असते, तीही टाकून ठेव. एखादा डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही. मला ती तारीख माहीत होती. मी अभिमानापोटी जाऊ दिली.

आणि यादी ठरली की मला पाठव. या रविवारी मला सुट्टी आहे, बघून सांगते.