किल्लीचा ग्रामोफोन



आपल्या लाखेच्या बांगड्या असतात ना, त्याच लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून जुन्या रेकॉर्डी करीत. म्हणून त्या स्पिरिटने कधी पुसू नयेत, लाख विरघळते. मऊ कोरडे फडके पुरे.

आमच्या माळ्यावर सासूबाईंच्या माहेरचा किल्लीचा ग्रामोफोन होता. मुले म्हणाली, भंगारात द्या. पण सासूबाई 82 वर्षांच्या, त्यांना हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड पुन्हा ऐकायची होती. मग मी पदर खोचला.

स्प्रिंगला मात्र हात लावला नाही. गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर बोटे कापते. ते काम घड्याळजींनी केले. डांबरासारखे झालेले ग्रीस रॉकेलने धुऊन नवे भरले. साउंड बॉक्समधले कडक रबर बदलले, तेव्हा किरकिर थांबली. मग रेकॉर्डखाली कागदाचा कपटा ठेवून मी फेरे मोजले. 20 सेकंदांत 26, म्हणजे मिनिटाला बरोबर 78! लाकडाला नवे पॉलिश करू दिले नाही. सासूबाईंच्या वडिलांचा हात त्यावरून फिरलेला आहे.

रेकॉर्ड लागली तशा सासूबाई ताल धरून बसल्या. मध्ये चरा आहे, तिथेही ताल सुटला नाही.

पिन मात्र दर बाजूला नवी हवी. दगडाच्या पुडीवर ती झिजते आणि मग रेघच खरवडते. इथे काटकसर कामाची नाही, बरे का!

रविवारी दुपारी आमच्याकडे या. घरच्या रेकॉर्डी असतील तर आणा. पण उभ्या धरून, एकीवर एक रचून नको.