माणसाचा स्वभाव आणि कामाची पारख



नोकरी देण्यापूर्वी उमेदवाराच्या स्वभावाची चाचणी घेण्याची पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. प्रश्नांची यादी द्यायची, उत्तरांवरून स्वभावाचे पाच गुण मोजायचे आणि हा माणूस पुढे कसे काम करील ते ठरवायचे. ही नवी पत्रिकाच म्हणून ती हसण्यावारी नेणे आम्हांस रास्त वाटत नाही. तीत तथ्य आहे. ते किती, एवढेच पाहिले पाहिजे.

१९९१ साली बॅरिक आणि माउंट या अमेरिकन संशोधकांनी ११७ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत एकच गुण सर्व प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला. तो म्हणजे कर्तव्यदक्षता. हाती घेतलेले काम नेटाने पुरे करणे. बेल्जममधील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा पुढे अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षणाची वर्षे सरली तसतसा या गुणाचा प्रभाव वाढत गेला. म्हणजे नेटका माणूस उशिरा ओळखू येतो.

पण प्रमाण पाहा. पूर्ण मेळ १ धरला, तर हा गुण आणि काम यांचा मेळ ०.२ च्या आसपास भरतो. त्याचा वर्ग ०.०४. माणसामाणसांच्या कामात जो फरक पडतो, त्याच्या शंभर भागांपैकी चारांचाच उलगडा झाला. उरलेले शहाण्णव कुठे आहेत?

काही बुद्धीत, काही शिक्षणात. बाकीचे आपल्या जिल्ह्यातल्या विडी वळणाऱ्या बाईला विचारा. तिची मजुरी हजारी विड्यांवर. तेंदूचे पान चांगले असले की बोटे भराभर चालतात. पान फाटके, वाळके आले की कात्रीखाली बरेच वाया जाते, आणि ठेकेदार छाट काढतो ती वेगळीच. बाई तीच, स्वभाव तोच. वहीतला आकडा मात्र पडला. तो पाहून तिला आळशी म्हणणे हा न्याय नव्हे.

म्हणून चाचणी नको असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मागण्या तीन. केवळ चाचणीवरून कोणाला दारातून परत पाठवू नये. नोकरी पणाला लागली असता ‘मी कामचुकार आहे’ असे कोण लिहील? खरी पारख काही महिने प्रत्यक्ष कामावर ठेवूनच व्हावी. दुसरी, चाचणीचा निकाल ज्याचा त्याला दाखवावा. तिसरी, कामगाराचा स्वभाव मोजणाऱ्याने माल, अवजार, उजेड, मजुरीचा दर आणि मुकादमाची वागणूक हीही त्याच वहीत मोजून लिहावी.

माणसाला तोलायचे तर तराजूची दोन्ही पारडी दिसली पाहिजेत, एवढेच आमचे सांगणे आहे.