सांधेदुखी : कोणती सोसावी, कोणती दाखवावी

दुखणे अंगावर काढणे हा मराठी संसारातील एक जुना, जवळजवळ आदरणीय गुण मानला गेला आहे. पोटापाण्यासाठी परप्रांती गेलेल्या कुटुंबांनी देवघरातल्या टाकांबरोबर तोही नेला. रायपूर हे शहर १९५६ पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती त्याच प्रांतात होते. त्यामुळे तेथे मराठी घरांची वस्ती जुनी आहे. त्या शहराच्या शंकर नगर भागातील अशाच एका घराची श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी.

घरात सासूबाई आहेत, वय बहात्तर. त्यांचे गुडघे दुखतात. जिना चढताना त्या कण्हतात, देवळातून परतल्यावर पाय धरून बसतात आणि रात्री तेल लावून पडले की त्यांना बरे वाटते. सून पंचेचाळीस वर्षांची आहे. पहाटे उठल्यावर तिला मूठ मिटता येत नाही, दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उचलवत नाही. बोटांची मधली पेरे दोन्ही हातांना सारखीच सुजलेली असतात. दहाच्या सुमारास हात सैल पडतो, पोळ्या होतात, आणि ती कोणाला काही सांगत नाही. घरातील मंडळी गाडी काढून सासूबाईंना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन जातात. सुनेसाठी निर्गुडीच्या पाल्याचा शेक पुरेसा मानला जातो.

येथेच घराचा हिशेब चुकतो. तज्ज्ञाकडे आधी जावयास हवे होते ते सुनेने.

वेदना किती आहे यावरून सांध्याची परीक्षा होत नाही. ती केव्हा होते यावरून होते. वयोमानाने झिजलेला सांधा वापराने दुखतो आणि विश्रांतीने शमतो. सकाळी तो थोडा आखडतो खरा, पण चार पावले टाकताच, फार तर अर्ध्या तासात, मोकळा होतो. आमवाताचा सांधा याच्या नेमका उलट वागतो. विश्रांतीनंतर तो जखडतो, हालचालीने सुटतो, आणि सकाळचे ते जखडणे तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकते. त्यात सूज असते, हाताला ऊब लागते, आणि बहुधा बोटे, मनगटे, पायांचे चवडे असे लहान सांधे दोन्ही बाजूंनी धरले जातात. असे सहा आठवडे चालले असेल, तर वाट पाहण्याची मुदत संपली असे समजावे. किंबहुना सूज उघड दिसत असेल, तर सहा आठवडेही थांबू नये.

आपल्याकडे सांधे दुखणारी माणसे पुष्कळ आणि आमवाताची त्यांत थोडी, हीच अडचणीची गोष्ट होय. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. १०० माणसांत सुमारे १८ जणांना हाडे, सांधे वा स्नायू यांचे काही ना काही दुखणे होते. आमवात मात्र २०० माणसांत एखाद्यालाच आढळला. गर्दीतला हा एक रुग्ण इतरांच्या गुडघेदुखीत मिसळून जातो. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपण म्हणतो. हा आजार मुंगीच्याच पावलांनी येतो, आणि उपचार न झाल्यास जातच नाही. या रोगात शरीराची संरक्षक व्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर उलटते, आणि सुजलेले अस्तर कूर्चा व हाड कुरतडू लागते. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर ही झीज बव्हंशी रोखता येते. एकदा वाकडे झालेले बोट मात्र कोणत्याही गोळीने सरळ होत नाही.

वेळ दवडण्याचे मार्ग अनेक आहेत. रक्ततपासणीचा कागद हा त्यांतील सर्वांत सभ्य मार्ग. आमवाताची रक्तपरीक्षा कित्येक निरोगी माणसांतही होकारार्थी येते आणि कित्येक रुग्णांत नकारार्थी; त्यामुळे केवळ कागद पाहून निश्चिंत होणे बरे नव्हे. दुसरा मार्ग ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुडीचा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. दुखणे दोन दिवसांत पळते, हाडे हळूहळू पोकळ होतात, आणि पुडी अचानक थांबवणेही धोक्याचे ठरते.

काही सांधे तर दिवसांचीही सवड देत नाहीत. एकच सांधा एकाएकी लाल, गरम होऊन फुगला आणि अंगात ताप भरला, तर आत पू झाला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शाळकरी मुलाचे दुखणे आज गुडघ्यात, उद्या घोट्यात असे फिरू लागले, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. तो संधिज्वर असू शकतो, आणि त्याचा खरा घाव हृदयाच्या झडपांवर बसतो.

छत्तीसगढ आणि विदर्भ यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयीचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. या विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहानग्याच्या हातापायांची बोटे सुजतात, तरुणाचा खुबा रक्तावाचून आतल्या आत खचतो, आणि घरात ‘वात’ म्हणून तेल चोळले जाते. मुलाचे हातपाय पुन्हा पुन्हा दुखत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, तर ही तपासणी करून घ्यावी. रायपुरातच त्यासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे.

सासूबाईंकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नव्हे. मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजनावर ताबा यांनी त्यांचे पुष्कळसे काम भागेल. गुडघा मध्येच अडकू लागला, वाकडा होऊ लागला किंवा वेदनेने झोप मोडू लागली, म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञाला विचारण्याची वेळ आली.

सुनेचा रस्ता निराळा आहे : प्रथम नेहमीचे डॉक्टर, आणि त्यांच्या चिठ्ठीने संधिवाततज्ज्ञ. तेथे मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून मिळण्याचा संभव आहे. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतते. म्हणून ठरलेला वार गोळ्यांच्या पाकिटावर ठळक लिहून ठेवावा. गरोदरपणी ते वर्ज्य असल्याने मूल व्हावयाचे असल्यास तसे आधीच सांगावे. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीचे, पुडीचेसुद्धा, नाव बरोबर असावे. सकाळी हात किती वाजता मोकळा होतो हे आठवडाभर टिपून ठेवावे, आणि पहाटेच्या सुजलेल्या हातांचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. तपासणीचा क्रमांक दुपारी लागतो, आणि तोवर ती मूठ पुन्हा मिटू लागलेली असते.