ऊन आपलं, रान आपलं, ठरावही आपलाच
(केम, ता. करमाळा येथील बैठकीतलं भाषण)



कोळसा जाळला की हवा तापते, पाऊस बिघडतो. ऊन, वारा, वाहतं पाणी संपत नाही. ही वीज यायलाच पाहिजे, यात आमचं दुमत नाही. प्रश्न एवढाच, की जमीन कोणाची जाणार आणि दिवा कोणाच्या घरात लागणार? उजनीच्या पाण्यात याच करमाळा तालुक्यातली गावं गेली. विजेच्या नावानं पुन्हा तसं नको.

बिलगाव बघा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं आदिवासी गाव. २००३ साली लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर १५ किलोवॅटचं वीजघर बांधलं. पाड्यापाड्यात उजेड आला. २००६ मध्ये सरदार सरोवराचं पाणी चढलं नि वीजघर बुडालं. मोठ्या विजेनं लहान वीज गिळली.

म्हणून कायदा पाठ करू. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२): गावाच्या सोयीसाठी सरकारला अपारंपरिक ऊर्जेचं काम वनजमिनीवर करता येतं. पण जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. हे कलम गावासाठी आहे, कंपनीच्या शेकडो हेक्टरांसाठी नाही.

तेव्हा आधी दावे भरा, पोच घ्या. ठराव सभेत मोठ्यानं वाचून घ्या. बायाबापड्यांना कळल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर अंगठा तर नाहीच. सौर दिवा, सौर पंप आपणच मागू, पण आपल्या अटीवर.

जिंदाबाद!